वडके सरकारांनी कोरणीयंत्र पसंत केले, त्याची हकीकत

श्रीगजानन साक्ष, ज्यांस त्याने अक्कल दिली आणि ज्यांनी ती कपाटात कुलूप लावोन ठेविली, त्यांचेही तो रक्षण करो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मासी तुळशीची लग्ने उरकोन माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघो लागले, ते समयी भांडेबाजारात जे राजकारण जाहले ते येथे लिहिले आहे. आम्ही त्या दरबारच्या पायरीवर नित्य चहा घेत असू, सबब सर्व डोळ्यांदेखतचे आहे. कोठे चिडोन लिहिले असेल तर वाचणाराने सोसावे.

राज्य म्हणजे एक गाळा. पुढे शटर, मागे मोरी, मध्ये गादी, आणि गादीवर राजश्री रंगनाथराव वडके. लग्नाच्या भांड्यांवर नावे घालणे हा या घराण्याचा पिढीजात उद्योग. कळशी, तांब्या, घागर, जे येईल त्यावर वधूवरांचे नाव, देणाराचे नाव आणि तारीख सरकार हातयंत्राने टरटर करोन स्वहस्ते घालीत, आणि अक्षर असे की भांडे घासोन झिजावे परंतु नाव राहावे. परंतु अलीकडे सरकारांचा उजवा हात कापो लागला. मागील हंगामी एका नवरीचे आडनाव कळशीवरोन घसरोन पार बुडाशी गेले, आणि सासरच्यांनी मांडवात गलका केला. मग पारसमल शेठ भांडेवाले, ज्यांच्या दुकानच्या भांड्यांवर हे राज्य जगत होते, ते स्वये चालोन आले आणि बोलिले, "रंगनाथशेठ, राग मानू नका, पण आता कॉम्प्युटरवालं मशीन घ्याच. माघातली सगळी लग्नं तुम्हालाच देतो. पण पुन्हा अक्षर हललं तर मला दुसरीकडे जावं लागेल." सरकार हसले आणि उजवा हात खिशात घालिते जाहले. आम्हास फार वाईट वाटले. भांडी गेली तर गादी गेली, हे पायरीवर बसणारासही कळत होते.

मग मसलत बसली. मसलतीस राणीसाहेबांचे बंधू प्रसादराव. हे एका कचेरीत संगणकापुढे बसोन जांभया देत, येवढ्यावर यंत्रविद्येचे धनी ठरले होते. त्यांनी मोबाइलवर लोकांनी दिलेले तारे पाहिले, आणि ज्या यंत्रास तारे अधिक ते थोर, असा सिद्धांत मांडिला. तारे देणारांनी कधी तांब्या हाती धरिला होता काय, हे पुसणे त्यांस कमीपणाचे वाटले.

पहिला वकील, म्हणजे यंत्र विकणारा, धुळकट टेंपोत यंत्र घालोन आला. अंगी साधा सदरा. आल्या आल्या पुसो लागला, "काम कसलं येतं तुमच्याकडे? गोल भांडी असतील तर भांडं फिरवणारा जोड लागतो, नुसत्या सपाट टेबलावर भागायचं नाही. तुमचाच एखादा तांब्या द्या, त्यावर करून बघू. दुरुस्तीचा माणूस इथलाच आहे, फोन केला की येतो." शहाण्या दरबारी यास पालखीत बसविते. येथे प्रसादरावांची मर्जी खप्पा जाहली. "दाजी, हा विकायला आलाय का चौकशीला? आणि मशीन बघा, पिठाच्या गिरणीचं पिल्लू!" मग त्या भल्या माणसास अर्ध्या कपावर निरोप दिला.

दुसरा वकील आला तो टाय लावोन. यंत्रास निळे दिवे, वर काचेचे झाकण. याने येकच प्रश्न केला, "सरांचं पूर्ण नाव काय?" आणि पदरची चकचकीत पितळी पाटी काढोन टेबलावर निजविली, आणि यंत्राने त्यावर 'श्रीमंत रंगनाथराव वडके' ऐसे कोरोन भोवती वेलबुट्टी आणि वर मुकुट काढिला. जन्मभर लोकांची नावे घातली, आपले कोणी घातले नव्हते. सरकारांनी अक्षरांवरोन बोट फिरविले आणि डोळे भरोन आले. तेच ठिकाणी मसलत बुडाली. राणीसाहेब सुलभाबाई येवढेच बोलिल्या, "अहो, पण ह्याच्यावर कळशी ठेवायची कशी?" प्रसादराव म्हणाले, "ताई, ते सगळं सेटिंगमध्ये असतं." वकीलही मान डोलावोन म्हणाला, "हो मॅडम, सेटिंगमध्ये." हे सेटिंग कोणते दैवत आहे आणि कोठे वसते, हे कोणीही पुसिले नाही.

यंत्र आले, हार पडले, पेढे वाटिले. माघ लागता पारसमल शेठांची भांडी आली, सारी गोल. पहिला तांब्या टेबलावर ठेविला तो लोळला. मग प्रसादरावांनी दोहो बाजूंस चपला लाविल्या. सुईने पहिले अक्षर तांब्यावर घातले आणि बाकीची नवरी हवेत लिहिली. टायवाल्या वकिलास फोन लाविला, तो म्हणाला, "फिरता जोड ह्या मॉडेलला बसत नाही, सर." प्रसादरावांस तेच क्षणी कचेरीचे महत्त्वाचे काम आठवले. शेठ आले, तांब्या फिरवोन पाहिला आणि हळू बोलिले, "लग्न परवा आहे हो." मग सारी भांडी चौकात हाच उद्योग करणाऱ्या विठ्ठल करड्याकडे गेली. त्याने ते गिरणीचे पिल्लू जोडासकट घेतले होते.

पंधरवड्याने करडे गाळ्यात आले आणि अदबीने म्हणाले, "काका, एक पाटी करून हवी. माझं मशीन भांड्यांतून मोकळंच होत नाही." मजकूर दिला, 'लग्नाच्या भांड्यांवर नावे घालण्याचे खात्रीचे ठिकाण'. आम्हास वाटले सरकार यास पायरीवरोन खाली लोटितील, आणि आम्ही सरकोन वाट करोन दिली. सरकारांनी पाटी कोरिली. झाली ती हाती घेवोन, लांब धरोन, डोळे बारीक करोन पाहिली आणि पुसिले, "कुठं लावणार?"

"दारावर, काका. चौकातून दिसली पाहिजे."

"मग हे बारीक होतंय. थांब, नवीन पत्रा घेतो, मोठं अक्षर घालू."

आणि यंत्र पुन्हा चालू केले.

येणेप्रमाणे वडक्यांचे राज्य गेले. यंत्र आजपावेतो एकदाही बिघडले नाही. प्रसादरावांनी त्यास पाच तारे दिले. करड्यांची पाटी भांडेबाजाराच्या टोकावरोनही स्पष्ट वाचिता येते. लेखनसीमा.