सातवा प्रश्न

नैतिकतेचं प्रशिक्षण वडिलांवर सोपवून प्राध्यापक निर्धास्तपणे विभागाच्या बैठकीला निघाले.

माणसांवर संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स करायचा, वीस प्रश्न सोडवायचे आणि प्रमाणपत्र मिळवायचं, एवढीच गोष्ट. मुदत दोन महिन्यांची होती आणि ती प्राध्यापकांनी 'बघू' म्हणण्यात घालवली होती. आज संध्याकाळी पाचला पोर्टल बंद. प्रमाणपत्र नाही तर परवानगी नाही, आणि मग सत्तरीपुढच्या माणसांच्या विसराळूपणावरचा त्यांचा अभ्यास उद्याऐवजी थेट पुढच्या वर्षी. तीन वर्षं ते त्या अभ्यासामागे हात धुऊन लागले होते.

"बाबा, काही वाचायचं नाही. नुसतं 'पुढे' दाबत राहायचं. प्रश्न आले की मला फोन करा."

बाबा रेकॉर्ड ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. न वाचलेल्या कागदावर त्यांनी जन्मात सही केली नव्हती. साहेबांच्या रजेचा अर्जसुद्धा एकदा तारीख चुकली म्हणून परत पाठवला होता. हे प्राध्यापकांना माहीत होतं, पण घाईत माणसाला घरचीच माणसं आठवत नाहीत.

फोन काही आला नाही. साडेतीनला प्राध्यापक धापा टाकत घरी आले, तर बाबा लॅपटॉपसमोर ताठ बसलेले आणि शेजारी अर्धी भरलेली वही.

"झालं?"

"वीसपैकी वीस."

"वा बाबा! प्रमाणपत्र कुठाय?"

"ते अडलंय. शेवटी एक चौकोन आहे. 'हे प्रशिक्षण मी स्वतः पूर्ण केले आहे.' त्यात खूण करायचीय. वर नाव तुझं आहे."

"मग करा ना खूण!"

"खोटी?"

"अहो, सगळेच करतात!"

बाबांनी वहीचं पान उलटलं. "भाग दुसरा. 'सगळेच करतात' हे समर्थन होऊ शकत नाही."

प्राध्यापकांनी स्वतःच हात पुढे केला. बाबांनी अडवलं नाही, फक्त चष्म्यावरून पाहिलं. पाचवीत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही ठोकताना हेच डोळे दारात उभे होते. प्राध्यापकांनी हात मागे घेतला आणि 'नव्याने सुरू करा' दाबलं.

व्हिडिओ पुढे ढकलता येत नव्हते. पास व्हायला सोळा गुण लागत होते. पहिल्या खेपेला अकरा पडले, दुसऱ्या खेपेला तेरा.

"सातवा परत चुकलास," बाबा म्हणाले.

सातवा प्रश्न होता, सहभागी व्यक्तीने मध्येच माघार घेतली तर तुम्ही काय कराल?

"नम्रपणे कारण विचारीन! त्यात काय चुकलं? नम्रपणेच विचारतोय की!"

"मला विचारू नकोस. परीक्षा चालू आहे."

पाचला चार मिनिटं कमी असताना सोळा मिळाले. चुकलेले चार बघायला प्राध्यापक थांबलेच नाहीत. त्यांनी चौकोनात खूण केली आणि खुर्चीत अंग टाकलं. बाबा मात्र बराच वेळ पडद्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दहाला विभागातल्या छोट्या खोलीत पहिले सहभागी येऊन बसले. ते बाबाच होते. बागेतल्या बाकावरचे त्यांचे अकरा मित्र बाहेर रांगेत होते. बाबा उठले की तेही उठणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"इथे सही करा, बाबा."

"आधी वाचून दाखव."

फॉर्म जुन्या अभ्यासाचा उचललेला होता. स्वतः प्राध्यापकही तो आज पहिल्यांदाच वाचत होते. "'आपण गरोदर असल्यास संशोधकास कळवावे...'" ते अडखळले.

"नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले. "पुढे."

"'आपण कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता माघार घेऊ शकता.'"

"घेतली."

"काय घेतली?"

"माघार."

प्राध्यापकांनी बाहेर पाहिलं. दाराच्या काचेतून अकरा टोप्या आणि टकलं दिसत होती. 'का?' अगदी जिभेच्या टोकावर आलं. पण समोर बसलेल्या त्या शांत चेहऱ्याकडे बघताना त्यांना काही वेगळंच आठवलं. महिन्यापूर्वी बूट घालता घालता ते म्हणाले होते, 'बाबा, तुमचं नाव घातलंय.' सांगितलं होतं. विचारलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"ठीक आहे, बाबा," ते म्हणाले. "तुमची मर्जी. आलात, बरं वाटलं."

बाबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि फॉर्मवर तारखेसकट वळणदार सही केली.

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही..."

"काल पास झालास, पण सातवा तिसऱ्यांदाही चुकला होता," बाबा टोपण लावत म्हणाले. "म्हटलं, तेवढा सोडवून घ्यावा. हं, विचार आता, काय विचारायचंय ते."