हयातीचा दाखला आणि राउटर

नोव्हेंबरच्या अखेरच्या दिवशी गोरक्षराव गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून इंदिरानगरातल्या आपल्या हॉलमध्ये जिवंत असल्याचं सिद्ध करायला बसले. हल्ली पेन्शनरांना त्यासाठी कचेरीत जावं लागत नाही. मोबाईलमधलं अ‍ॅप उघडायचं, पुढे तोंड धरायचं, पापण्या मिचकावायच्या, की माणूस अजून आहे हे सरकारला पटतं. दाखला आज गेला नाही तर पेन्शन बंद. आणि बंद पडलेली पेन्शन सुरू करायला किती फेऱ्या माराव्या लागतात, हे गोरक्षरावांना चांगलंच ठाऊक होतं. आयुष्यभर पेन्शन कचेरीच्या खिडकीत बसून त्यांनी त्या फेऱ्या लोकांना मारायला लावल्या होत्या.

"अहो, महिनाभर सांगतेय, उरकून टाका," स्वयंपाकघरातून सुवर्णाताई म्हणाल्या.

"पहिल्या तारखेला धावतात ती घाबरट माणसं," गोरक्षराव म्हणाले आणि त्यांनी अ‍ॅप उघडलं. अ‍ॅपने त्यांना पेन्शनच्या पानावर पाठवलं. पान उघडलं, पण त्यात एक कमी कपड्यातली बाई पत्ते पिसत होती आणि रमी खेळायला बोलावत होती. त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. बाई पुन्हा आली. तिसऱ्यांदा सुवर्णाताई कणकेच्या हातांनी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हा दाखला आहे?"

"अगं, मी काही केलेलं नाही!"

पुण्याहून मुलाने, सार्थकने, फोनवर निदान केलं. "पप्पा, आपला राउटर जुनाट झालाय. त्याला कधी अपडेट दिलं नाही, म्हणून कुणीतरी बाहेरून आत शिरलंय. नवा घ्या. तोपर्यंत मोबाईलवर नेटपॅक मारा."

"घरात वायफाय असताना नेटपॅक? विहीर असताना टँकर मागवू? आणि नवा का घेऊ? खोक्यावर स्वच्छ लिहिलंय, लाइफटाइम सपोर्ट."

खोकं अर्थातच माळ्यावर जपून ठेवलेलं होतं. राउटरही तसाच जपला होता. वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळायची. फक्त अपडेट तेवढं कधी मिळालं नाही. चालणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, हा गोरक्षरावांचा नियम कचेरीतल्या फायलींनाही लागू होता.

त्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर तेजस्विनी नावाची मुलगी आली. तिने राउटरच्या मागचा नंबर विचारला, टकटक टाइप केलं आणि हळूच म्हणाली, "सर, सॉरी. हा राउटर एंड ऑफ लाइफ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या दृष्टीने तो गेलेला आहे, सर."

"गेलेला? माझ्यासमोर आहे तो! दिवे लुकलुकतायत!"

"लुकलुकत असतील, सर. सिस्टिममध्ये पाच वर्षांपूर्वीच गेलाय."

"मग लाइफटाइम सपोर्टचं काय?"

"त्याचं लाइफ संपलं ना, सर."

गोरक्षरावांचा पारा चढला. राउटर हयात आहे, याला त्यांची पत्नी साक्षीदार आहे, हवं तर दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या आणतो, असं त्यांनी ठणकावलं. फोन राउटरला टेकवून "ऐका!" असंही म्हणाले. राउटर काही बोलला नाही. स्वतः जिवंत असल्याचं सिद्ध करायला बसलेला माणूस दुपारपर्यंत राउटर जिवंत असल्याचं सिद्ध करत होता आणि त्यात आपला दिवस चाललाय हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेजस्विनी मात्र वाद घालून दमली होती. "सर, एक शेवटचं अपडेट आलं होतं. ते तुमच्या राउटरमध्ये उतरून पडलंय. तो तेव्हापासून रोज विचारतोय, टाकू का? आणि तुम्ही मोबाईलवर रोज 'नंतर आठवण करून द्या' दाबलंय."

"मग? घाई काय होती?"

"आता 'होय' दाबा. लाल दिवा हिरवा होईपर्यंत वीज मात्र घालवू नका. नाहीतर तो खरंच जाईल."

गोरक्षरावांनी मोबाईलवर 'होय' दाबलं. दिवा लाल झाला. मग त्यांनी घरात संचारबंदी पुकारली. मिक्सर नाही, गीझर नाही, इस्त्री नाही. सुवर्णाताईंना बटणांपासून चार हात लांब बसवलं. बराच वेळ एकटक पाहून डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा ते चहा घ्यायला उठले आणि खोलीबाहेर पडताना सवयीने हॉलची सगळी बटणं खटाखट बंद केली.

सुवर्णाताई बघतच राहिल्या. "अहो, राउटर!"

बटण पुन्हा लावलं, पण आता कुठलाच दिवा लागेना. कंपनीचं म्हणणं खरं झालं होतं.

आता रिचार्ज मारावा, तर त्यालाही नेट लागतं, आणि दुकानातून किंवा सार्थककडून मारून घेणं म्हणजे हार कबूल करणं. गोरक्षराव स्कूटर काढून आपल्या जुन्या कचेरीत पोचले. खिडकीत मनोज होता, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

"मनोज, कागद दे. सही करतो."

"साहेब, कागद बंद झाला. मोबाईलवरच करा."

"अरे, नेट नाही. तुझ्या कॉम्प्युटरवर कर."

"आमचंही नेट गेलंय. राउटर जुना, कंपनी अपडेट देत नाही. खिडकी थोड्या वेळात बंद होईल, लवकर बघा, साहेब."

"पण मी तुझ्यासमोर उभा आहे ना!"

"दिसताय, साहेब. सिस्टिममध्ये नाही."

गोरक्षरावांनी टाचा उंचावून आत डोकावलं. आयुष्यात पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरून ती खिडकी त्यांना फार उंच वाटली. तेवढ्यात बाकावरची म्हातारी उठली. लांबच्या पेठ गावची लंकाबाई. नवऱ्याची पेन्शन घेणारी. नातवाने दिलेल्या मोठ्या मोबाईलवर तिचा दाखला केव्हाच झाला होता, तो पोचला का हे विचारून ती आता परतीच्या एसटीची वाट बघत बसली होती.

"माझं नेट देऊ का?"

"द्या, बाई, द्या! फार उपकार होतील."

लंकाबाईने हॉटस्पॉट चालू केला. मग चष्मा नाकावर सरकवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी खिडकीतले सायेब ना? आमचं माणूस गेलं तव्हा मला पेठवरनं लय येळा बोलावलं व्हतं. समोर उभी असून म्हनले, बाई, तू दिसतीस, पर कागदावर नायस."

"नियमच होता, बाई. माझं काय चालणार?"

"व्हय व्हय. नियम म्हंजे नियम."

"पासवर्ड सांगता का?"

"सांगते की. पर तुमी तेच सायेब कशावरनं?"

"अहो, आत्ता तुम्हीच तर ओळखलंत मला!"

"मी वळखून काय व्हतंय? कागद दावा."

गोरक्षरावांनी मनोजकडे पाहिलं. मनोज मान खाली घालून शिक्क्याची शाई तपासत होता. त्यांनी निमूटपणे पाकिटातून आधार कार्ड काढून लंकाबाईपुढे धरलं. तिने ते पालथं करून पाहिलं, उजेडाकडे धरलं, अंगठ्याने पुसलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"याची झेरॉक्स आना," लंकाबाई म्हणाली.