हिरामणतात्यांचा ठराव

हिरामणतात्यांच्या वर्षात चारच दिवस असतात: सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर. स्वतःचं लग्न कधी झालं विचारलं, तर सांगतात, "एक मेच्या मागल्या सोमवारी."

आमचं गाव पेणहून धरमतरकडे जाताना खाडीकाठी लागतं. मी इथल्या शाळेत मास्तर, म्हणजे तात्यांचा बिनपगारी कारकून. जन्म मिठागरात गेल्याने त्यांना लिहायची सवय नाही. अर्ज मी लिहायचे. त्यांचा एकुलता एक विलास रोह्याला कंपनीत आहे. रविवार बायकोच्या माहेरचे आणि हे चार दिवस बापाचे, असं त्यांच्यात ठरलेलं. पण तीन वर्षं कंपनी म्हणे झेंड्याच्या दिवशीही शिफ्ट लावते, आणि विलास येत नाही. तलाठी, तहसीलदार, कलेक्टर झाले. राष्ट्रपतींनाही लिहून झालं. "घटना हाय ना? मंग सुट्टी का नाय?" हे त्यांचं पालुपद. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. तरी खरी चीड मला त्या कंपनीची यायची. प्रजासत्ताक दिनी माणसाला बापाकडे जाऊ देत नाही म्हणजे काय?

यंदा सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तात्यांनी ठरावच मांडला: कंपनीने सुट्टी द्यावी. आमच्याकडे ग्रामसभा म्हणजे झेंडावंदन झालं की रजिस्टरात सही ठोकायची, जिलेबी उचलायची आणि घर गाठायचं. तात्या दारातच उभे राहिले. निघालेल्या एकेकाला दंडाला धरून परत बसवू लागले. "कोरम भरल्याबिगर कुनी हलायचा नाय." सरपंचबाई वैतागून म्हणाल्या, रोहा आपल्या हद्दीत येत नाही. तात्या म्हणाले, पोरगा येतो. शेवटी सगळ्यांनी हात वर केले, निम्म्यांनी नुसती सुटका व्हावी म्हणून.

दुपारी ठरावाची नक्कल घेऊन मी त्यांच्या ओटीवर गेलो. विलाससाठी लावलेल्या पोपटीतल्या, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा परातीत गार होऊन पडल्या होत्या. मी तापलेलोच होतो. म्हटलं, तात्या, आता हे कामगार आयुक्तांनाच धाडतो, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे.

तात्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला.

"तिथं नको, गुरुजी. ते खरंच चौकशी करतील."

"मग करू देत की."

"कंपनी सुट्टी देते. ह्योच शिफ्ट मागून घेतो." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "आता भर गावात पोराला नावं कशी ठेवू?"

तीन वर्षं मी कंपनीला शिव्या घातल्या होत्या. आता विलासचा असा संताप आला की समोर असता तर एक ठेवून दिली असती. पण तात्यांसमोर ते बोलायची सोय नव्हती. मी शेंगा सोलत बसलो.