एका भेटीत एक तक्रार

नेदरलँड्समधल्या हार्लेम गावच्या त्या दवाखान्याच्या दारावर नियम ठळक लिहिला होता : भेट दहा मिनिटांची, तक्रार एक. सुचेता नियम पाळणाऱ्या घरातली. तिने आपल्या पाच तक्रारींसाठी पाच अपॉइंटमेंट घेतल्या.

हाडं दुखतात म्हटल्यावर हाउसआर्ट्सने, म्हणजे तिच्या वाट्याला आलेल्या फॅमिली डॉक्टरने, पॅरासिटामॉल सांगितली. थकव्याला पॅरासिटामॉल आणि मोकळी हवा. विसरभोळेपणाला नुसती मोकळी हवा. सारखी तहान लागते हे ऐकून डॉक्टर प्रसन्नच झाले. इथलं नळाचं पाणी उत्तम असतं म्हणाले. मुतखड्यावर त्यांनी आणखी पाणी सांगितलं, आणि कळ आली तर अर्थातच पॅरासिटामॉल. पाचही तक्रारी एकाच फाइलीत नांदत होत्या, पण एकमेकींशी बोलायची त्यांना परवानगी नव्हती.

मराठी मंडळ मात्र हातावर हात ठेवून बसणारं नव्हतं. हाडं दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी, असा निकाल चित्राताईंनी ग्रुपवर दिला आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेतून बाटल्या येऊ लागल्या. सुचेताचा नवरा उल्हास रोज न चुकता गोळी पुढे करी. "वय झालं की व्हायचंच," म्हणे. सुचेता बेचाळीस वर्षांची होती.

एके सकाळी उभ्या जागी सायकल कलंडली आणि तेवढ्यावर तिचं मनगट मोडलं. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरणीला नियम ठाऊक नसावा. तिने सगळं एकदमच विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं. गळ्यात, थायरॉइडच्या मागे, तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांतली एक सुटी न घेता हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत होती. पाचही तक्रारींचं मूळ तेच.

"आणि वरून कॅल्शियमच्या गोळ्या कोण देतंय तुम्हाला?" डॉक्टरणीने विचारलं.

उल्हास छताकडे बघू लागला. सुचेताला रडूच फुटलं. दोन वर्षं ती स्वतःला आळशी समजत होती.

ग्रंथी काढली. हाडं भरायला वेळ लागेल, पण सुचेता जिने चढू लागली. दवाखान्याने पत्र पाठवलं : आपण समाधानी आहात का? प्रत्येक भेटीसाठी वेगळा फॉर्म भरावा.

पुढे मंडळाच्या हळदीकुंकवात अपूर्वा तिला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "हल्ली फार थकायला होतं गं, आणि गुडघे तर..."

वाणं वाटायची राहिली होती. सुचेताने पर्समधून पॅरासिटामॉल काढून तिच्या हातावर ठेवली. "ही घे. बाकीचं नंतर सांग."

हसू नका. परवा तुमच्याही घरात कोणीतरी "दमले" म्हणालं होतं. तुम्ही मोबाइलमधून मान वर केली होती का?