चंद्री दुसऱ्या हाताला दूध देत नाही

दुधात पाणी घालणारे मी पुष्कळ पाहिले, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याकडे बघत बघत तांब्या उपडा करणारी बाई एकच पाहिली. त्या आमच्या शेजारच्या आक्काताई. कसबा बावड्यात घर घेतलं, त्या पहिल्याच सकाळी मी भांडं पुढं केलं. आक्कांनी त्यात आधी पाणी ओतलं, मग दूध. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "मास्तर, तुमास्नी घट्ट पचायचं न्हाय. घट्ट आमच्या पोरास्नी."

पोरं म्हणजे एक पंचावन्न वर्षांचा मुलगा बाळासाहेब, ज्यांचं पोट त्यांच्या अर्धा पाऊल पुढं चालतं, आणि दुसरा पुण्यात नोकरी करणारा नातू, जो दुधाला शिवत नाही. आक्कांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. एक 'आमच्यातली', आणि उरलेली सगळी पातळ दुधाची.

गडहिंग्लजकडच्या एका खेड्यात, शेतात वाढलेल्या आक्का सोळाव्या वर्षी लग्न होऊन बावड्यात आल्या आणि ऐंशी ओलांडेपर्यंत या घरासाठी राबल्या. उसाला पाणी पाजलं, खुरपं घेऊन भांगलण केली, तीन दिरांची लग्नं लावली, नवरा लवकर गेल्यावर पोरगा शिकवला. हे मी कौतुकानं सांगतोय असं कुणी समजू नये. अकरा वर्षं रोज सकाळी दुधाबरोबर ऐकावं लागलं म्हणून पाठ झालंय. शेताचे पुढं प्लॉट पडले, त्यांवर आमच्यासारखी पातळ दुधाची माणसं राहायला आली, आणि मागं उरला एक गोठा आणि चंद्री नावाची म्हैस.

"माझ्याबिगर दुसऱ्या हाताला थेंब देत न्हाय," हे वाक्य त्या दिवसातून चारदा म्हणत. या एका वाक्याच्या जोरावर त्यांनी सख्ख्या भाचीचं लग्न चुकवलं. नातवाच्या पुण्यातल्या नव्या घरी सकाळी पोचल्या आणि दुपारच्या एसटीनं परत फिरल्या. सून सुरेखा इतकी वर्षं गोठ्यात गेली ती फक्त शेण काढायला. बादली काही तिच्या हाती आली नाही. रेशन दुकानातल्या यंत्रासारखी अंगठा ओळखून माल देणारी म्हैस असते, यावर माझा विश्वास नव्हता. म्हातारी खोटं बोलते, हे माझं स्पष्ट मत होतं.

गेल्या वर्षी आक्का गोठ्यात घसरल्या आणि खुबा मोडला. दवाखान्यात न्यायला दारात गाडी उभी, तरी हलायला तयार नाहीत. "मी न्हाय येत. धार कोण काढणार? तुझा बा?" असं त्यांनी बाळासाहेबांना विचारलं, म्हणजे स्वतःच्या कैलासवासी नवऱ्यालाच कामाला लावलं. शेवटी चौघांनी उचलून गाडीत घातलं.

त्या संध्याकाळी बाळासाहेब आईचं लुगडं नेसून चंद्रीखाली बसले. जनावर फसावं म्हणून ही युक्ती आमच्याकडं जुनीच आहे. चंद्री फसली नाही. बादली एकीकडं गेली, बाळासाहेब शेणात गेले आणि त्यांचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. मग सुरेखा होती त्या गाऊनवरच खाली बसली, चंद्रीच्या पाठीवर थाप मारली आणि बादली भरूनच उठली. असं बारा दिवस. बारा दिवस मी माझ्या दुधावर साय बघितली.

मला आनंद झाला तो सायीपेक्षा आक्का खोट्या पडल्याचा. त्या घरी येणार त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसलो. सुरेखानं मात्र सगळ्यांना आधीच बजावलं होतं. सासूला ती आत्ती म्हणते. "आत्तीस्नी सांगायचं न्हाय. थेंब दिला न्हाय, असंच म्हणायचं. डॉक्टरनी खाली बसू नका म्हणून सांगितलंय, एवढं तरी ऱ्हाऊ दे त्यास्नी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नव्हती.

आक्का वॉकर टेकत, घरात न जाता थेट गोठ्यात शिरल्या. "दिलं का दूध?"

"थेंब न्हाय, आत्ती," सुरेखा म्हणाली. बाळासाहेबांनीही तेच सांगितलं.

आक्का माझ्याकडं वळल्या. "मास्तर, तुमी सांगा. तुमी काय माझं कवतिक करणाऱ्यातलं न्हवं."

माझं वाक्य तयार होतं. पण वॉकर धरूनही त्यांनी धारेला बसायचं म्हणून पदर आधीच खोचला होता. मला त्या बाईची दया आली, आणि दया आली याचा रागही आला. "नाही, आक्का," मी म्हणालो. "आम्ही पिशवीचंच दूध आणत होतो."

"बरं," म्हणून त्यांनी घरच्यांना चहा करायला पिटाळलं. मग एका हातानं वॉकर धरून, कण्हत वाकून चंद्रीची कास चाचपली.

"मास्तर, बारा दिस धार काढली नसती तर म्हस आटली आसती, न्हाय तर कास दगडावानी झाली आसती. ही बगा, लोण्यावानी हाय. खोटं तरी नीट बोलायचं." मग सरळ होत म्हणाल्या, "सुरेखाचा हात हलका हाय. मला पयल्यापासनं ठावं हाय."

"मग बादली का दिली नाहीत तिला?"

"शेत पलाटात गेलं. दळाण गिरणीत जातंय. सैपाक तिचा. ही बादली बी दिली आसती, तर मला हाक मारायचं कुणाला काय कारण ऱ्हायलं आसतं?"

आत कपबशा वाजल्या तसा त्यांनी आवाज उतरवला.

"मला कळलंय म्हणून सांगू नगासा," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी खोटं बोलल्यात पोरं."

संध्याकाळी त्यांनी सुरेखाला बोलावलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बस खाली. देणार न्हाय ती तुला, पर बस." स्वतः चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बादलीत धार वाजू लागली. सुरेखा मान वर न करता म्हणाली, "तुमी हुब्या हायसा म्हणून सोडलं बगा तिनं, आत्ती."

"व्हय," आक्का म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडं केलं.

आता रोज सकाळ-संध्याकाळ सुरेखा बादली घेऊन गोठ्याच्या दारात थांबते आणि घराकडं तोंड करून हाक मारते, "आत्ती, येताय न्हवं? तुमच्याबिगर कशी बसू?" माझ्या खिडकीतून दोन्हीकडचं दिसतं. आक्का पदर खोचून, वॉकर हाताशी घेऊन केव्हाच्या तयार असतात. पण पहिल्या हाकेला त्या उठत नाहीत. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली की मगच उठतात.