आधी पाटील उतरतील

उत्तमराव पाटलांची धाकटी मुलगी शालू मराठी सातवी पास झाली, ते साल १९३६. बुलढाण्यात तेव्हा सातवी झालेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. पाटलांना त्याचा जितका अभिमान होता, तितकीच धास्ती होती. शिकलेल्या मुलीला शिकलेला नवरा पाहावा लागतो, आणि शिकलेल्या नवऱ्याचा बाप जमिनीबरोबर आणखी काहीबाही विचारतो.

मलकापूरच्या पंजाबरावांनी तसंच विचारलं. त्यांचा मुलगा नागपूरला वकिली शिकत होता. त्यांचा निरोप आला, "मुलगी पसंत आहे. पण घर सुधारलेलं पाहिजे. मी स्वतः सायकलवर फिरतो."

"सुधारलेलं म्हंजे कसं?" उत्तमरावांनी बायकोला विचारलं.

"म्हंजे तुमच्यासारखं नाही," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "दमणीले बैल जुतल्याबिगर तुमी देवळात जात नाही. अन् देऊळ हाये समोर."

आठ दिवसांत पाटलांनी काळी कुळकुळीत सायकल आणली आणि रामराव वकिलांच्या सायकल मित्र मंडळात नाव घातलं. मंडळाचं काम सोपं होतं. दर रविवारी सकाळी पाच-सहा जणांनी राजूर घाटाच्या तोंडापर्यंत जायचं, तिथल्या आंब्याखाली चिवडा खाऊन चहा प्यायचा आणि परत यायचं. नियम अर्जुनराव मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिले होते. पहिला नियम असा, की सायकलवर कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही.

पाटील आले त्या रविवारी हा नियम गावाच्या वेशीपर्यंत टिकला. तिथे कापसाचे व्यापारी वाहेदशेठ पाटलांच्या पुढे गेले.

"शेठ," पाटील मागून ओरडले, "पोळ्याच्या तोरणाखालून आधी बैल कोणाचे जातात?"

"तुमचे, पाटील."

"मग?"

वाहेदशेठ मागे आले. पुढच्या रविवारी रामराव वकील आधी उतरून आंब्याखाली बसले, तेव्हा पाटलांचा चेहरा असा झाला की मास्तरांनी तिथेच वही काढली. पाटलांच्या पुढे कोणी जायचं नाही आणि पाटील उतरल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, असं ठरलं. कोणीही हरकत घेतली नाही. वकिलांकडे पाटलांचे दोन दावे होते, मास्तरांची शाळा पाटलांच्या जागेत भरत होती आणि शेठ पाटलांचा कापूस घेत होते. मैत्री अशी चारी बाजूंनी पक्की होती.

अडचण एवढीच होती की पाटलांना उतरता येत नव्हतं.

सायकल दुरुस्त करणाऱ्या कादर मिस्तरीने त्यांना शिकवलं होतं. ओट्यावरून चढणं जमलं, सरळ जाणंही जमलं. ब्रेक मात्र पाटलांनी कधी दाबला नाही.

"दाबला की काय होते बे?"

"सायकल थांबते, पाटील."

"थांबली की?"

"मंग... पडते."

"मग दाबायचा कायले?"

तेव्हापासून दर रविवारी कादर पहाटेच घाटाच्या तोंडाशी जाऊन उभा राही, पाटील आले की मागचं कॅरिअर धरी आणि त्यांना अलगद उतरवून घेई. मंडळातले सगळे तेवढा वेळ डोंगराची शोभा पाहत. कादर तिथे चहासाठी येतो, असं सर्वांनी मानून घेतलं होतं.

कार्तिकात पंजाबरावांचं पत्र आलं. येत्या रविवारी ते सर्व्हिस मोटारीच्या टपावर सायकल टाकून घाट चढून येणार होते. आंब्यापाशी मंडळाला भेटायचं, चहा घ्यायचा आणि सोयरिकीचं काय ते तिथेच बोलायचं.

पाटलांनी कादरला बोलावलं. "आंब्याच्या मागं लपून राह्य. पंजाबराव दुसरीकडं पाहून राह्यले, की मगच बाहेर ये अन् धर."

"अन् इकडंच पाहून राह्यले तं?"

"तं बाहेर पडायचं नाही. म्या मेलो तरी नाही."

रविवारी पंजाबराव लवकर पोचले. पाटील आले तेव्हा ते सायकलवर ऐटीत बसून होते, एक पाय पायडलवर आणि एक हात आंब्याच्या बुंध्यावर. शेजारी त्यांचा गडी मोतीराम डबा घेऊन उभा. बुंध्याच्या मागच्या बाजूला कादर श्वास रोखून चिकटलेला. पंजाबराव काही केल्या दुसरीकडे पाहीनात. व्याही कसा येतो तेच तर त्यांना पाहायचं होतं.

पाटील आंब्यासमोर आले. कादर आला नाही. पाटील आंब्याच्या पुढे गेले.

"राम राम, पंजाबराव!" ते जाता जाता म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "चला, जरा खालपर्यंत जाऊन येऊ."

त्यांच्यामागून वकील गेले, शेठ गेले, मास्तर गेले. पाटील उतरले नव्हते, मग हे कसे उतरणार?

पंजाबरावांना घाम फुटला. पण ते वरबाप होते. मुलीचा बाप पुढे आणि मुलाचा बाप मागे, ही गोष्ट मलकापुरात कळली तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी बुंध्यावरचा हात सोडला आणि निघाले. उतारावर त्यांनी मास्तरांना, शेठना, वकिलांना मागे टाकलं आणि पाटलांना गाठलं.

"व्याहीबुवा, आमचा मान आधी!"

"घ्या ना! म्या कुठं अडवून राह्यलो?"

वर आंब्याखालून दोन माणसं एकदमच धावत सुटली होती. कादरने शेजारी पाहिलं.

"तू काऊन पळून राह्यला बे?"

"मालकाले उतरवाले," मोतीराम धापा टाकत म्हणाला. "अन् तू?"

कादरने कपाळावर हात मारला.

पहिल्या वळणावर मलकापूरला निघालेली कापसाची गाडी बैलांना आवरत आवरत उतरत होती. आधी पंजाबराव तिच्यात गेले आणि त्यांच्या पाठोपाठ पाटील. दोन्ही सायकली खाली पडल्या आणि दोन्ही व्याही डोक्याकडून कमरेपर्यंत कापसात रुतले. गाडीवानाने मागे वळून पाहिलं, चार पाय मोजले आणि बैल थांबवले.

मागून मंडळ आलं. सगळ्यांनी ब्रेक दाबले, पण खाली पाय टेकवेना कोणी.

"वकील साहेब," वाहेदशेठ तोल सावरत म्हणाले, "पाटील उतरले धरायचं का?"

"पाय जमिनीले लागले नाहीत," मास्तर म्हणाले.

वकिलांनी निकाल दिला. "पण सायकल खाली हाये. सायकल अन् पाटील वेगळे झाले, म्हंजे उतरले. उतरा."

कापसात बराच वेळ कुजबुज चालली होती. मग पंजाबरावांचा आवाज आला. "तुमाले बी नाही येत?"

"नाही."

"कोणाले सांगसान?"

"तुमी?"

दोन्ही पागोटी कापसातून वर आली तेव्हा सोयरीक पक्की झाली होती. ज्याला आपलं गुपित ठाऊक, त्याला बाहेर मोकळं सोडण्यापेक्षा घरात बांधून ठेवलेलं बरं, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. शालूला अमरावतीला मास्तरणीचं शिकायला जायचं होतं. ते विचारायला कोणाला सवड नव्हती. माघात लग्न लागलं.

मास्तरांनी वहीत लिहिलं, की आजची सहल उत्साहात पार पडली व सभासदांनी घाट उतरण्याचा सराव केला. सायकली मोडल्या त्या मात्र कादरच्या चुकीने, असं गावात ठरलं. चूक कोणाची तरी असावी लागते.

बारा वर्षांनी शालूबाई बापाच्या तेराव्याला माहेरी आल्या. कादर भेटायला आला होता. त्याची दाढी पांढरी झाली होती.

"कादरभाई," त्यांनी विचारलं, "त्या दिशी घाटात आबाचं अन् मामंजीचं एवढं काय पटलं हो? घरात दोघं कधी सांगत नव्हते."

आता लपवायचं कोणासाठी? कादरने सगळं सांगितलं. ओसरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शालूबाई हसल्या नाहीत.

"म्हंजे दोघातून एकाले बी उतरता आलं असतं, तं मी त्या घरात नसती?"

"तेवढं मले नाही ठाऊक, बाई," कादर म्हणाला. "माहं काम धरायचं होतं. त्या दिशी तेवढं राह्यलं."

पंजाबराव १९४३ च्या दिवाळीत वारले. उत्तमराव पाटील १९४८ च्या चैत्रात वारले. सायकलवरून पडून कोणीच नाही; दोघंही अंथरुणातच गेले.