खोली नंबर चौदामधलं माझं मरण

गोष्ट लिहिणं हे जोखमीचं काम असून ते शिक्षणाशिवाय कोणी करू नये, हे आता सर्व सुधारलेल्या लोकांना मान्य आहे. पूर्वी लोक कुठेही, कशाही गोष्टी सांगत. न्हाव्याच्या खुर्चीत सांगत, दवाखान्याच्या बाकावर सांगत, आणि ऐकणारे अडाणीपणाने हसत किंवा डोळे पुसत. आता त्यासाठी तीन वर्षांची पदवी आहे.

माझ्या धाकट्या मुलीचं ठरलेलं लग्न ज्या वर्षी मोडलं आणि अडीच महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षी आमच्या नातीने या पदवीला नाव घातलं. विषय इंग्रजी साहित्य, त्यात खास अभ्यास सर्जनशील लेखनाचा. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, फ्रिज दुरुस्त करतो. त्याने विचारलं, "शिकून तू काय दुरुस्त करणार?" नात म्हणाली, "मसुदे." (बायको म्हणाली, "शिकू दे की. या घरात खोटं बोलायचं रीतसर शिक्षण अजून कोणाचंच झालेलं नाही.")

मला तर आनंदच झाला. मी एक्केचाळीस वर्षं सुतारकाम केलं आणि अक्षरं अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो. तेव्हा नात पहिलीत होती. तिच्याच पुस्तकावरून, तिच्याच शेजारी बसून शिकलो. मला नातीने वाचायला शिकवलं, हे मी लोकांना अजूनही अभिमानाने सांगतो. (शिकवलं बायकोने. नात शेजारी पाटी धरून पेंगायची. पण नातीने शिकवलं म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. बायकोने शिकवलं म्हटलं की तो विचारतो, "मग इतकी वर्षं काय करत होता?")

त्या विभागाचे नियम थोडे पण पक्के होते. पहिला नियम, जे माहीत आहे तेच लिहा. विद्यार्थी अठरा-एकोणीस वर्षांचे असल्यामुळे त्यांना आपापले आजी-आजोबा तेवढे माहीत होते. दुसरा नियम, सांगू नका, दाखवा. हा नियम नातीने घरीही लागू केला. आमटीत मीठ कमी असलं तर ती तसं म्हणत नसे. वाटी दोन बोटं पुढे सरकवायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. (बायको म्हणाली, "मीठ हवंय का हिला? मग तोंडाला काय झालं?") तिसरा नियम असा, की वर्गात एखाद्याच्या कथेवर चर्चा चालू असताना लिहिणाऱ्याने अर्धा तास तोंड उघडायचं नाही. हा मला फार आवडला. गिऱ्हाईक खुर्चीला नावं ठेवत असताना सुतारालाही असं गप्प बसवलं असतं तर धंद्याला शिस्त लागली असती. फरक एवढाच, की आमचं गिऱ्हाईक निदान खुर्चीवर एकदा बसून बघतं.

चौथा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तोच सगळ्यांत कडक होता. कथेत काहीतरी घडलं पाहिजे. पहिल्या वर्षाची आकडेवारी मी नातीकडून घेतली. विद्यार्थी बावीस, कथा चव्वेचाळीस. त्यांत मेलेले आजी-आजोबा एकोणतीस, कुत्री सात, आया चार, आणि दीपगृहाचे रखवालदार तीन, जरी वर्गातल्या एकानेही दीपगृह पाहिलेलं नव्हतं. एक कथा अशी होती की तीत कोणीच मेलं नाही. एक म्हातारा शेवटी स्टुलाचा पाय बसवतो, एवढंच. ती आमच्या नातीची. तिला शंभरापैकी एकतीस मिळाले. पास व्हायला चाळीस लागत.

असंच कुथत-कुथत ती तिसऱ्या वर्षाला आली. आता शेवटची मोठी कथा होती. ती नापास झाली की पदवीच गेली, तीन वर्षं पाण्यात.

तिने आमच्या घराची कथा लिहिली. म्हातारा सुतार अक्षरं शिकतो. म्हातारी त्याला शिकवते, त्याच्या चुकांना पदराआड हसते, त्याच्या कामाच्या फळीवर खडूने शब्द लिहून ठेवते. विभागप्रमुख बाईंनी समासात लिहिलं, "पात्रं फार झाली. आजी काय करते? कंसात टाका." नातीने आजीला कंसात टाकलं. दुसऱ्या खेपेला बाईंनी लिहिलं, "कंसातला मजकूर कथेला कधीच लागत नाही. काढा." नातीने काढला. (बायको म्हणाली, "बरं झालं. तेवढाच पसारा कमी.") आता कथेत मी एकटाच उरलो, आपोआप अक्षरं शिकणारा.

त्याच सुमारास खोली नंबर चौदामधलं चर्चेचं लांबट टेबल दुरुस्त करायला मला बोलावलं. ते अकरा वर्षं डुगडुगत होतं. त्या डुगडुगण्यावर विद्यार्थ्यांनी आजवर सहा कविता केल्या होत्या, पण पाचर कोणी मारली नव्हती. वर्ग चालूच होता. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही खाली तुमचं चालू द्या, आम्ही वर आमचं चालू ठेवतो." मी पाचर आणि हातोडी घेऊन टेबलाखाली शिरलो. तिथे चव्वेचाळीस पाय होते, बाईंचे धरून शेहेचाळीस. नातीची चप्पल मी ओळखली.

चर्चा माझ्यावरच होती. ती इंग्रजीत चालली होती, पण आपल्याबद्दल बोलतायत हे माणसाला कुठल्याही भाषेत कळतं. बाकीचं नातीने घरी गेल्यावर सांगितलं.

टोपी घालून बसणारा एक मुलगा म्हणाला, "हा म्हातारा मला पटत नाही. साठीला आलेला सुतार एकटा बसून वाचायला शिकेल कसा? अशी माणसं नसतात."

दुसरी म्हणाली, "आणि शेवटी त्याचं होतं काय? जिवंतच राहतो."

बाई म्हणाल्या, "मग काय सुचवाल?"

सगळ्यांचं एकमत झालं. नातीच्या चपला एकमेकींवर घट्ट दाबलेल्या होत्या. नियमाप्रमाणे तिला बोलता येत नव्हतं. मी म्हणालो, "जरा पाय उचला." सगळ्यांनी उचलले. मी पाचर ठोकली आणि बाहेर आलो. मी म्हणालो, "टेबल आता हलायचं नाही. आणि तो म्हातारा मी."

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही खोलीत असाल, पण कागदावर नाही आहात." त्यांचं बरोबर होतं. नंतर मी तो इंग्रजी कागद नातीकडून समजून घेतला, तर त्यावर मला शिकवणारं कोणीच नव्हतं.

घरी आल्यावर नात म्हणाली, "मी तुम्हाला नाही मारणार, आजोबा. नापास झाले तर झाले."

"मार की गं," मी म्हणालो. "मला काय होतंय?" (बायको इस्त्री करता करता म्हणाली, "त्यापेक्षा मला मार. मी तशीही त्यात नाहीये.")

"आजी, तुला मारून काही उपयोग नाही," नात म्हणाली. "वाचकाला आधी तू माहीत हवीस. त्याला वाईट वाटायला नको का?" (बायको म्हणाली, "हो का? मग राहते जिवंत.")

मरणाच्या अटी ठरवायला आम्हाला तीन दिवस लागले. नातीने शिडीवरून पडणं सुचवलं. मी साफ नकार दिला. एक्केचाळीस वर्षांत मी एकदाही पडलो नाही, ते काय एका परीक्षेसाठी नाव घालवायला? बुडायला मी पाण्याजवळ जात नाही. झुरायला मला सवड नव्हती. शेवटी असं ठरलं, की म्हातारा दुपारी, स्वतः बनवलेल्या हातांच्या खुर्चीत बसलेला असताना, सवातीनच्या सुमाराला शांतपणे जातो. (बायको म्हणाली, "त्या खुर्चीत मी बसते. हे कधी बसलेत?") हा आक्षेप कथेला लागत नसल्याने घेतला नाही.

नातीला शंभरापैकी एक्क्याऐंशी मिळाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा दिला, "आजोबांचा मृत्यू अत्यंत अस्सल. लेखिकेने जवळून पाहिलेला दिसतो." त्या शेऱ्याला मी चौकट करून दिली, सागवानी. भिंतीवर तो माझ्या फोटोशेजारी लावला आहे, त्यामुळे नवीन माणूस घरात आला की आधी हळहळतो आणि मग मी पाणी घेऊन बाहेर आलो की दचकतो.

पदवी मिळून आता पाच वर्षं झाली. नात लिहिते, बरं लिहिते, आणि तिच्या गोष्टींत हल्ली कंस नसतात. मी मात्र ही गोष्ट त्या विभागाच्या नियमांनुसारच लिहिली आहे. तुम्हीही ती नियमाप्रमाणेच वाचलीत. म्हातारा आता जाईल, मग जाईल, असं धरून माझ्यावर नजर ठेवलीत, आणि कंस आला की पटकन ओलांडलात. म्हणून शेवटचं वाक्य कंसाबाहेर लिहितो.

माझी बायको गेल्या फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सोमवारी, दुपारी सवातीनच्या सुमाराला, त्या हातांच्या खुर्चीत बसलेली असताना गेली.